प्रतिविपळाचा हिशेब

आमच्या जुन्या पंचांगकर्त्यांनी काळाचे तुकडे पाडण्यात मोठी हौस दाखविली आहे. २४ मिनिटांची एक घटका, घटकेची ६० पळे, पळाची ६० विपळे आणि विपळाची पुन्हा ६० प्रतिविपळे, असे त्यांचे कोष्टक आहे. घटका-पळे लग्नघरी तरी उपयोगी पडत. परंतु सेकंदाच्या दीडशेव्या अंशाएवढे जे प्रतिविपळ, त्याचे व्यवहारात कोणास काय प्रयोजन असावे, ही शंका आम्हांस लहानपणापासून होती. तिचे निरसन होण्यास आमच्या घरी गेमिंगचा संगणक यावा लागला. सेकंदास १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एक चित्र सुमारे ६.९ मिलिसेकंद टिकते, प्रतिविपळ ६.७ मिलिसेकंदांचे आहे. म्हणजे पंचांगाबाहेर ज्याचे नावही कोणी घेत नसे, ते हे नाणे आजची तरुण मंडळी रोज रात्री खुर्द्यासारखे मोजीत बसतात.

संगणक आमच्या पुतण्याचा. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी तो आमच्याकडे राहतो. दोन वर्षे लहान मुलांच्या शिकवण्या करून त्याने पैसे साठविले व ते सर्वच्या सर्व या यंत्रात घातले. त्याचे तीर्थरूप, म्हणजे आमचे वडीलबंधू, यांना ही गोष्ट मुळीच रुचली नाही. "खेळण्यात पैसे घातलेस," एवढे एकच वाक्य ते फोनवर बोलले; आणि त्यानंतर पितापुत्रांचे संभाषण 'जेवलास का' यापलीकडे जाईनासे झाले. अशा वेळी यंत्र घरी आले, आणि ज्या मोटारशर्यतीसाठी एवढा अट्टाहास, ती सेकंदास अवघ्या १८ फ्रेमच्या गतीने ठेचाळत चालू लागली! जोडणी करून देणाऱ्या दुकानदाराने यंत्र न पाहताच याहून मोठे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा सल्ला दिला. नाडी न पाहता मात्रा देणारे वैद्य सर्वच धंद्यांत असतात. मुलाने वडिलांना यातले काही कळविले नाही. कळविण्यासारखे त्यात होते तरी काय?

येथे वाचक विचारतील की, बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदास २४ चित्रांनीच धावतो आणि तो कोणासही अडखळल्यासारखा वाटत नाही. मग खेळालाच ६० किंवा १४४ कशाला हवीत? आम्हीही हा प्रश्न केला होता, आणि त्याचे उत्तर विचारांती पटले. कॅमेऱ्याने घेतलेल्या प्रत्येक चित्रात हालचालीची पुसटशी रेघ उतरलेली असते, ती एका चित्राला दुसऱ्याशी सांधते. संगणकाने रेखाटलेले चित्र मात्र पुष्कळदा गोठलेल्या क्षणासारखे स्वच्छ असते. दुसरे कारण याहून मोठे आहे. सिनेमापुढे आपण नुसते बसतो. खेळात हात प्रश्न विचारतो व डोळा उत्तराची वाट पाहतो. १८ फ्रेमच्या हिशेबाने दोन चित्रांमध्ये सुमारे ५६ मिलिसेकंद जातात. वळणावर चाक फिरवावे आणि गाडीने ते उशिरा ऐकावे, याचा त्रास प्रेक्षकास कळणार नाही, सारथ्यास कळतो.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकविले. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील व्यतिरेकपद्धती आम्ही कित्येक पिढ्यांकडून पाठ करून घेतली आहे: बाकी सर्व परिस्थिती तशीच ठेवावी, एकच गोष्ट बदलावी, आणि फरक पडतो की काय ते पाहावे. मुले ती परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. आमच्या पुतण्याने एका रात्रीत खेळाच्या अकरा सेटिंग बदलल्या होत्या, आणि कशाने काय झाले हे त्याचे त्यालाच सांगता येईना. सर्व पूर्ववत् करून, हातात कागद-पेन्सिल घेऊन, आम्ही दोघे रविवारी सकाळी बसलो.

पहिला प्रयोग चित्राच्या आकाराचा. १९२० गुणिले १०८० या मापाच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. १२८० गुणिले ७२० मध्ये ९,२१,६००. बिंदू कमी करून गती वाढली तर चित्र रेखाटणारा भाग अपुरा, न वाढली तर दोष बहुधा प्रोसेसरकडे, असा हा न्याय आहे. गती १८ वरून ३३ वर गेली. म्हणजे दुकानदार खरा ठरला! मुलाचे तोंड उतरले. तथापि चित्र रेखाटणारा भाग दुबळा आहे एवढेच यावरून सिद्ध होते. तो भाग कोणता, हे अद्याप कोणी पाहिले नव्हते. खेळ चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडला. तेथे दोन नावे दिसली: एक नव्या कार्डाचे, दुसरे प्रोसेसरच्या पोटातच असणाऱ्या लहानशा ग्राफिक्सचे. दुसरे शंभर टक्के राबत होते. पहिल्यापुढे शून्य.

"काका, कार्ड झोपलंय!" तो ओरडला.

यंत्राच्या पाठीमागे पडद्याची केबल लावण्यास दोन ठिकाणी जागा असते, वर मदरबोर्डची व खाली कार्डाची. जोडणाऱ्याने ती वर लावली होती, आणि अशा वेळी खेळाचे काम पुष्कळदा त्या लहान ग्राफिक्सच्याच गळ्यात पडते. केबल काढून एक वीत खाली लावली. गती ७४. खर्च शून्य.

पुढच्या दुरुस्त्या भराभर झाल्या. पडदा १४४ चा असूनही विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेला होता. तो सेटिंगमधून वाढविला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी बसविल्या होत्या. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर त्या दुसऱ्या व चौथ्या खाचेत हव्या, म्हणजे स्मृतीकडे जाण्याचे दोन मार्ग एकदम खुले होतात. येथवर गती शंभरावर गेली.

परंतु अर्ध्या तासाने ती पुन्हा खाली येऊ लागली. हे लक्षण उष्णतेचे. आजचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास आपली चाल आपणच मंद करतात. गरम हवा बाहेर जाण्याच्या जाळीवर आमच्या कुटुंबाने स्वहस्ते विणलेला क्रोशाचा रुमाल पसरलेला होता, त्यावर गणपतीची लहान मूर्ती. कोणत्याही पुस्तकात या प्रसंगाची तरतूद नाही. मूर्ती पुस्तकांच्या कपाटावर व रुमाल रेडिओवर स्थलांतरित होण्यास तीन दिवस लागले. वाटाघाटी पुतण्याने केल्या, व त्या चांगल्या केल्या.

एक बारीक दोष उरला. आकडा १०५ दाखवी आणि तरी मधूनच चित्र हिसका खाई. सरासरीवर आमचा विश्वास कधीच नव्हता; वर्गाची सरासरी ६० आली म्हणून नापास झालेल्या मुलाचे समाधान होत नाही. ५९ चित्रे ९०० मिलिसेकंदांत उरकली आणि एकट्या साठाव्याने १०० घेतले, तरी आकडा ६० च येतो. डोळ्यास मात्र तो एकच खड्डा दिसतो. २०११ साली स्कॉट वॉसन या परीक्षकाने प्रत्येक चित्राचा वेळ निराळा मोजण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी. आता सर्वांत मंद १ टक्का चित्रांची गतीही सांगण्याची चाल पडली आहे. आमच्या बाबतीत हिसके नव्या रस्त्यावर पहिल्या फेरीतच बसत, दुसरीत नाहीत. खेळ त्या त्या देखाव्याचे शेडर, म्हणजे कार्डासाठी लागणारे छोटे प्रोग्राम, प्रथमच तयार करीत असता असे होते. त्यावर इलाज आमच्या हाती नव्हता. तो नाद सोडला.

दिवाळीस बंधू आले. कागदावरचे आकडे पुतण्याने त्यांच्यापुढे ठेवले. ते बँकेत हिशेबतपासनीस होते, म्हणून त्यांनी ते दोनदा वाचले. 'मोठे कार्ड: नाही' या ओळीवर त्यांचे बोट थोडा वेळ थांबले. मग चष्मा पुसून ते खुर्चीत बसले व शर्यत सुरू करण्यास म्हणाले. पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर आदळली.

"अरे, ही वेळेवर वळत नाही," ते म्हणाले.

पुतण्याने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले. आकडा ११२ होता. तो काही बोलला नाही. वडिलांचा हात हळूच धरून त्याने कोणते बटन केव्हा सोडावयाचे ते दाखविले.