स्वस्त घराचा कोरा रकाना

व्यापारी घरातील मुलाला जमाखर्च शिकवावा लागत नाही. तरीही घर घेताना त्याच्या वहीतील एक रकाना बहुधा कोरा राहतो, तो वेळेचा.

डहाणूतील एका धान्यपेढीच्या घरातील धाकट्या मुलाचे असेच झाले. त्याची कापडाची दलाली काळबादेवीला, संसार मुंबईतल्या भाड्याच्या खोलीत. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि त्याने गावी परतण्याचा निश्चय केला. मुंबईत एका खोलीलाही न पुरणाऱ्या रकमेत येथे ऐसपैस घर मिळाले. चिकूच्या वाड्यांवरून येणारा वारा आणि आईवडिलांची सोबत हा वरचा नफा.

परंतु चर्चगेट येथून सुमारे १२४ किलोमीटर. विरारपुढे दोनच रूळमार्ग. त्यांवरूनच मेल, मालगाड्या आणि लोकल. गाड्या मोजक्या, एक चुकली की दिवस विस्कटला. एका संध्याकाळी थोरल्याने वही पुढे ओढली. “जाण्यायेण्याचे रोजचे पाच तास धर. महिन्याचे पंचवीस दिवस. किती झाले?” सव्वाशे तास, पाच अहोरात्रींहून अधिक. “दर महिन्याला पाच दिवस तू गाडीला देतोस. मुलगी तुला जागी भेटते ती रविवारीच.” धाकटा काही बोलला नाही.

मात्र त्याने घर विकले नाही, शहर बदलले. बोईसर दोन स्थानके अलीकडे. तेथे तारापूरची औद्योगिक वसाहत. तलासरी महामार्गावर, आणि सीमा ओलांडली की वापीचे कारखाने. कामगारांच्या गणवेशाचे कापड पुरवण्याचे काम त्याने धरले. मुंबईची फेरी आठवड्यातून एकदाच उरली. पहिली दोन वर्षे मिळकत घटली, घरखर्च आखडावा लागला. पण दिवेलागणीला तो घरी असे.

स्वस्ताई पाहून येणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डहाणूची हिरवाई आपोआप टिकलेली नाही. जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला व उद्योगांवर मर्यादा आल्या. ज्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या वाड्या याच तालुक्यातल्या. आता रेल्वेच्या चौपदरीकरणाचे काम सुरू आहे, वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. भाव चढण्याच्या आशेने घाईने घेतलेले घर आणि राहण्यासाठी घेतलेले घर यांचे हिशेब निराळे असतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासी खातेदाराची जमीन शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीस घेता येत नाही. सातबारा न पाहता दिलेला बयाणा हा व्यवहार नव्हे, जुगार होय. शिवाय हा निर्बंध पेढीच्या उंबरठ्यावर रोज येणाऱ्या वारली गिऱ्हाइकाच्या पायाखालची जमीन राखतो. त्याची जमीन गेली, तर पेढीची उलाढाल तरी कोणाच्या बळावर चालणार?

शहराजवळचे परवडणारे घर कोणते, हे किमतीवरून ठरत नाही. ज्या घरातून पोटापाण्याला जाऊन माणूस सूर्य मावळताना परतू शकतो, ते घर परवडले. डहाणूत तसे घर मिळते. मात्र त्यासाठी आधी आपले शहर कोणते, ते ठरवावे लागते.