बाबांच्या टेबलावरचा ब्रॅकेट

बाईंनी या अंकासाठी घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूवर लिहायला सांगितले. आम्ही दोघा भावंडांनी बाबांच्या टेबलावरचा लोखंडी ब्रॅकेट निवडला. असा ब्रॅकेट गाडीखाली सायलेन्सरला धरून ठेवतो. आमच्या जन्माआधी बाबा डेट्रॉईटजवळच्या ज्या कारखान्यात होते, तिथे तो बनत असे.

बाबांनी आम्हाला २००९ सालची गोष्ट सांगितली. २००७ साली अमेरिकेत सुमारे १ कोटी ६० लाख नव्या गाड्या विकल्या गेल्या होत्या. २००९ साली जेमतेम १ कोटी ४ लाख. ३० एप्रिलला क्रायसलरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. गाड्याच बनेनात, तर ब्रॅकेट कोण घेणार? कारखान्यात तीन पाळ्यांच्या दोन झाल्या आणि दोनाची एक.

बाबा तेव्हा एच-वन व्हिसावर होते. नोकरी गेली तर आता दुसरी शोधायला साठ दिवसांपर्यंत मुदत मिळते, पण तो नियम २०१७ सालचा. तेव्हा तेवढीही मुदत नव्हती. आईने बेसमेंटमधून बॅगा वर आणून ठेवल्या होत्या. आजीला मात्र फोनवर “सगळे ठीक आहे” एवढेच सांगत.

एका शुक्रवारी यादी लागली. त्यात बाबांचे नाव नव्हते. प्रेस चालवणाऱ्या एका अमेरिकन काकांचे होते. त्यांची पूर्ण लाईनच बंद झाली होती. नुसत्या आवाजावरून डाय झिजली आहे हे कसे ओळखायचे, ते बाबांना त्यांनीच शिकवले होते. बर्फात गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवले. जाताना त्यांनी मशीनवरून निघालेला शेवटचा ब्रॅकेट बाबांच्या हातात दिला.

“मग तुम्ही काय म्हणालात?” आम्ही विचारले.

“काहीच नाही,” बाबा म्हणाले. “आपले नाव नाही म्हणून मला आनंद झाला होता. तो त्यांना दिसू नये म्हणून मी खाली बघत राहिलो.”

पुढे वर्षभराने बाबांनी त्यांना फोन केला, तर नंबर बंद झाला होता. “आधीच करायला हवा होता,” असे बाबा दोनदा म्हणाले.

लहानपणी आम्ही त्या ब्रॅकेटचा आमच्या खेळण्यातल्या गाड्यांसाठी पूल करत असू. बाबा कधी रागावले नाहीत. पण खेळ संपला की तो जागेवर ठेवायला लावत. ते का, हे आम्हाला आता कळले.