अब्बांच्या खुर्चीचे टायर

ज्यांच्या घरात कुणी व्हीलचेअरवर आहे त्यांना वेगळं सांगायला नको, खुर्ची दुरुस्तीला गेली की तिच्यावर बसणारा माणूस खाटेवर जातो. मोटारसायकल गॅरेजला दिली तर आपण रिक्षाने जातो, शेजाऱ्याची गाडी मागतो, नाहीतर सरळ पायी निघतो. खुर्चीला असा पर्याय नसतो. आमच्या अब्बांच्या खुर्चीचे मागचे दोन्ही टायर झिजले तेव्हा ती सायकलच्या एका दुकानात चार दिवस पडून राहिली, आणि ते चार दिवस अब्बा खाटेवर राहिले. त्यानंतर टायरसाठी ती खुर्ची पुन्हा घराबाहेर गेलेली नाही. हे काम आम्ही घरीच करतो. ते कसं करतो आणि का करतो, एवढंच इथे सांगायचं आहे.

आम्ही म्हणजे दोन बहिणी आणि एक भाऊ. राहायला बार्शीत. अब्बांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. २०१७ साली मधुमेहाने त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. हातांत मात्र स्टीअरिंगचं बळ तसंच होतं, त्यामुळे खुर्ची त्यांनी लवकर आपलीशी केली. फजर घरी होते, कारण अंधार असतो आणि गल्लीतली कुत्री चाकांवर धावून येतात. पण जोहर आणि असर मशिदीत, तेही स्वतः चाकं ढकलत. मशिदीच्या पायरीला जमातीतल्या लोकांनी सिमेंटचा उतार करून दिला आहे. (एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार हवा असा हिशेब आहे. तेवढी जागा आमच्या गल्लीत कुठून येणार? थोडा तीव्र झालाय, पण अब्बा चढतात.) दाराशी थांबून ओल्या फडक्याने दोन्ही चाकांचा घेर पुसायचा आणि मग आत जायचं, हा त्यांचा शिरस्ता.

टायर बदलायचं निमित्त पंक्चर नव्हतं, ब्रेक होता. एका दुपारी अब्बा खाटेवरून खुर्चीत सरकत होते. ब्रेक दोन्हीकडचे ओढलेले होते, आम्ही समोरच उभे होतो. तरी खुर्ची चार बोटं मागे गेली. अब्बांचा एक हात खाटेच्या पाटीवर होता म्हणून निभावलं, नाहीतर ते कापलेल्या पायावरच आपटले असते. मधुमेही माणसाची तिथली जखम पुन्हा उघडली तर काय होतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्या चार बोटांची किंमत कळेल.

नेहमीच्या घडीच्या खुर्चीला सायकलसारखी ब्रेकची तार किंवा चाकाच्या रिमला घासणारे ब्रेकचे रबर नसतात. दांडी ओढली की लोखंडाचा एक तुकडा थेट टायरवर दाबून बसतो, बस. म्हणजे टायर हाच अर्धा ब्रेक. टायर झिजून पातळ झाला, किंवा हवा कमी होऊन मऊ पडला, की तो तुकडा पुरेसा दाबतच नाही. दांडी मात्र ओढलेली दिसते आणि आपण निर्धास्त राहतो. म्हणून आता दर जुम्याला सकाळी आमच्याकडे एक काम ठरलेलं आहे. खुर्ची रिकामी असताना दोन्ही ब्रेक लावायचे आणि मागून ढकलून पाहायची. सरकली तर आधी हवा बघायची, मग टायर, आणि सगळ्यात शेवटी ब्रेकचा बोल्ट.

तर, खुर्ची दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, चोवीस इंची चाक आहे ना, संध्याकाळी घेऊन जा. संध्याकाळी टायर चढेना. दुसऱ्या दिवशी दुसरा आणला, तोही चढेना. तिसऱ्या दिवशी सोलापूरहून मागवला. चौथ्या दिवशी खुर्ची घरी आली.

त्या चार दिवसांचा हिशेब टायरच्या पैशांत होत नाही. अब्बांना संडासला मुलाच्या खांद्यावरून जावं लागलं. ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अम्मीच्या लक्षात आलं की उशाचा पाण्याचा तांब्या सकाळी भरला तसाच्या तसा आहे. पुन्हा पुन्हा कुणाला उठवावं लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणंच सोडलं होतं. एप्रिल महिना, बार्शीचं ऊन आणि मधुमेहाचा माणूस! अम्मी त्या दिवशी त्यांच्यावर जितकी रागावली तितकी रागावलेली आम्ही तिला कधी पाहिली नाही.

टायर का चढत नव्हता, हे भावाने नंतर शोधून काढलं. जुन्या टायरच्या बाजूवर उठावाचे आकडे होते: २४ × १ ३/८, आणि त्याच्याशेजारी ३७-५४०. खरं माप हे दुसरं. ३७ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५४० म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. पोरांच्या जाड टायरच्या सायकलींवरही चोवीस इंचच लिहिलेलं असतं, पण तिथला व्यास ५०७ असतो. मधे तेहतीस मिलिमीटरचा फरक. ५०७ चा टायर ५४० च्या रिमवर कितीही ओढा, चढणार नाही. दोन्हींचं नाव चोवीस इंच! दुकानदाराला तरी किती बोल लावायचा, त्याच्याकडे रोज पोरांच्या सायकली येतात, खुर्ची वर्षातून एखादी. तुमच्या घरात खुर्ची असेल तर आजच टायरच्या बाजूचे आकडे एका कागदावर उतरवून ठेवा. झिजलेल्या टायरवरचे आकडेही कालांतराने पुसट होतात.

पुढच्या वेळी आम्ही टायर आणि ट्यूब आधी मागवल्या आणि मगच खुर्चीला हात लावला. घाई कसलीच नव्हती. अब्बा खाटेवर बसले, आम्ही खुर्ची आडवी केली. आमच्या खुर्चीचं चाक आसाच्या बोल्टवर आहे, पान्याने निघतं. (काही खुर्च्यांना चाकाच्या मधोमध बटण असतं, ते दाबलं की चाक आसासकट हातात येतं.) बोल्टवरच्या चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने ताटलीत मांडून ठेवल्या. हाताने ढकलायची कडी काढावी लागत नाही, ती चाकालाच राहते.

धाकटीने टामी हातात घेतली तसे अब्बा म्हणाले, "जोर नको लगा बेटा, पहले हवा पूरी निकाल." मग त्यांनी चाक मांडीवर घेतलं आणि दाखवलं. हवा पूर्ण गेली की टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी दाबत दाबत सगळीकडून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची. तो भाग खोल असल्यामुळे एका बाजूला कड आत गेली की दुसऱ्या बाजूला सैल होते. सगळी मेख इथे आहे. एवढं केलं की टामी नावापुरती लागते. टामी नसेल तर जाड चमच्याचे दांडे चालतात, स्क्रूड्रायव्हर मात्र नको, त्याचं टोक ट्यूबला भोक पाडतं.

जुनी ट्यूब निघाली की नवी घालायची घाई नको. टायर तोच ठेवायचा असेल तर आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा असेल तिथे कापूस अडकतो आणि तुमचं बोट वाचतं. आमच्या भागात सराटे फार, पावसाळ्यानंतर तर रस्त्याच्या कडेला सडाच असतो. एक सराटा टायरमध्ये राहिला तर नवी ट्यूब गल्लीच्या टोकापर्यंतही टिकत नाही. रिमच्या आत तारांच्या डोक्यांवर एक पट्टी असते, ती सरकली किंवा फाटली असेल तर तीही बदलायची.

मग टायरची एक कड रिमवर चढवायची. ट्यूबमध्ये ती गोल उभी राहील इतपतच हवा भरायची, व्हॉल्व्ह भोकातून सरळ बाहेर काढायचा आणि ट्यूब आत बसवायची. दुसरी कड व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवायची. शेवटची चार बोटं कड अवघड जाते, हात दुखतो, आणि तिथेच टामी घ्यायचा मोह होतो. घेऊ नये, ट्यूब चिमटीत सापडते. समोरच्या बाजूची कड पुन्हा खोलगट भागात ढकलली की ही चार बोटं अंगठ्यानेच जातात. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढायचा, म्हणजे त्याच्या बुडाशी ट्यूब अडकली असेल तर सुटते. हवा थोडी भरायची, चाक फिरवून टायर दोन्ही बाजूंनी सारखा बसलाय का बघायचं, मग पुरी भरायची. किती भरायची तेही टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. पायाने मारायचा पंप उत्तम. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरला एवढीशी ट्यूब म्हणजे क्षणाचं काम, भरतेय म्हणेपर्यंत फुटते.

पहिल्या चाकाला पाऊण तास लागला, दुसऱ्याला वीस मिनिटं. टायर जोडीनेच बदलायचे. एक नवा आणि एक झिजका असला तर चाकांचा घेर कमीजास्त होतो आणि खुर्ची एका अंगाला ओढते. आणि सगळं झाल्यावर ब्रेक! नवा टायर जाड असतो, जुन्या मापावर लावलेला ब्रेक त्याला घासत राहतो किंवा ओढताच येत नाही. बोल्ट ढिला करून ब्रेक थोडा सरकवायचा, घट्ट करायचा, पुन्हा ढकलून बघायचं. हे राहिलं तर वरची सगळी मेहनत फुकट.

टायर काळा घ्यावा की राखाडी, यावर घरात वाद झाला. काळ्या रबरात काजळी असते, तिचे ओरखडे फरशीवर उमटतात. राखाडी टायर ओरखडे सोडत नाही. अब्बांनी मशिदीच्या फरशीचा विचार करून राखाडी घेतला. दुकानात आणखी एक सल्ला हमखास मिळतो: भरीव टायर घ्या, पंक्चरची कटकट संपली. घरातल्या घरात किंवा दवाखान्यात फिरणाऱ्या खुर्चीला तो ठीकच आहे. पण आमच्या गल्लीत काँक्रीट उखडलेलं, मधे मधे खडी. भरीव टायरवर प्रत्येक खडा कमरेपर्यंत पोचतो. आमचं मत हवेच्या बाजूने आहे. या हवेच्या टायरची सुरुवातही एका घरातलीच. बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेले जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ मध्ये आपल्या मुलाच्या तीन चाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून रबर आणि कापड वापरून हवा भरलेलं चाक केलं. पेटंट पुढच्या वर्षी घेतलं.

भावाने शोधताना आणखी एका माणसाची माहिती वाचली, ती आम्हाला फार आवडली. राल्फ हॉचकिस हे अमेरिकन इंजिनिअर. १९६६ मध्ये मोटारसायकलच्या अपघातानंतर ते स्वतः खुर्चीवर आले. १९८० मध्ये निकाराग्वाला गेले तेव्हा त्यांनी पाहिलं की परदेशी खुर्ची एकदा मोडली की तिचा भाग तिथे मिळत नाही. मग तिथल्याच खुर्ची वापरणाऱ्या लोकांना बरोबर घेऊन त्यांनी अशा खुर्च्या घडवल्या, ज्यांचं सामान जवळच्या बाजारात मिळेल आणि ज्या गावातला कारागीर दुरुस्त करू शकेल. खुर्ची घ्यायला जाल तेव्हा तिच्या गादीचा रंग नंतर बघा. आधी विचारा, हिचा टायर आमच्या गावात मिळतो का?

आमच्या मागच्या गल्लीत एक खाला आहेत. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याची खुर्ची दिवसभर अंगणात उन्हात राहायची, टायरचं रबर तडकून गेलं होतं. टायर भरीव. खाला निरोप घेऊन आल्या त्या आमच्यासाठी नाही, अब्बांसाठी. "भाईजान, सुना तुम टायर डालते?" भरीव टायर चढवणं निराळं काम आहे. टायर गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा, एका जागी रिमला पट्ट्याने बांधायचा आणि तिथून दोन्ही बाजूंनी ओढत न्यायचा. दोन माणसं लागतात. अब्बा एका बाजूला होते, खालांचा पुतण्या दुसऱ्या बाजूला. तो मुलगा सगळा वेळ अब्बांच्या हातांकडे बघत होता. खालांनी बिर्याणीचा डबा पाठवला, अब्बांनी भाताकडे साखरेमुळे नुसतं पाहिलं आणि त्यातलं मटण खाल्लं.

तेव्हापासून आणखी दोन घरची चाकं आमच्याकडे येऊन गेली. अट एकच: खुर्ची आणायची नाही, चाकं आणायची. शक्य असेल तर एका वेळी एकच, आणि तीही माणूस दुपारी झोपलेला असताना.

समोरच्या लहान चाकांचं फारसं काही नाही. त्यांत केस आणि धागे गुंडाळून बसतात, महिन्याला एकदा काढले की झालं.

सुटं सामान भिंतीच्या आत खिळ्याला टांगलेलं असतं, ऊन लागणार नाही अशा जागी: एक टायर, दोन ट्यूब, पाना, पंप आणि व्हॉल्व्हची टोपणं ठेवलेली एक डबी. टामी आता दोन आहेत, विकतच्या. अम्मीचे ते दोन जाड चमचे मात्र अजून त्याच खिळ्याला आहेत. वाकले आहेत, त्यामुळे स्वयंपाकघरात परत घ्यायला ती तयार नाही, आणि टाकू द्यायला अब्बा.