मोंतायूचे दप्तर

तहनामे आणि वंशावळी यांपेक्षा माणसे उन्हात बसून काय बोलत होती याचीच मला अधिक ओढ असल्यामुळे असेल, परंतु चौदाव्या शतकारंभी पिरेनीजच्या कुशीत नांदणाऱ्या, जेमतेम अडीचशे वस्तीच्या मोंतायू या फ्रेंच खेड्याच्या वृत्तांतात माझे मन अडकले ते चार बायकांपाशी. दोन आया छपरावर ऊन खात बसल्या आहेत, लेकी त्यांच्या डोक्यातील उवा काढीत आहेत, आणि एक आई विचारते की, जिवंत जाळतात त्या माणसांना ती वेदना सोसवते तरी कशी. दुसरी तिला वेड्यात काढून सांगते की, ती वेदना देव आपल्या अंगावर घेतो.

त्या गावी उवा काढणे हे मायेचे काम होते आणि ते बायकांचेच होते. गढीची धनीण बेआत्रिस द प्लानिसोल ही गावचा पाद्री प्येर क्लेर्ग याच्या उवा शय्येवर, खिडकीशी, शेकोटीपाशी काढी. आणि हा रंगेल पाद्री चर्चचा दशांश वसूल करता करता, जड सृष्टी सैतानाने निर्मिली असे मानणाऱ्या काथार पाखंड्यांना आतून आश्रय देई, व वैऱ्यांचा काटा मात्र धर्मन्यायासनाकरवी काढी. माणूस दुसऱ्याच्या मांडीवर डोके टेकून जे बोलतो ते कोणत्याही कचेरीत रुजू होऊ नये, असे माझे मत आहे. मोंतायूत नेमके तेच रुजू झाले.

1308 मध्ये पाखंडाच्या संशयावरून झाडून साऱ्या प्रौढ गावकऱ्यांची धरपकड झाली. पुढे 1318 ते 1325 या काळात पामिये येथील बिशप झाक फूर्निये याने, यातनायंत्रांपेक्षा आपल्या चिकाटीवर भिस्त ठेवून, लोकांच्या ऑक्सितान बोलीतील कैफियती लॅटिनमध्ये उतरवून घेतल्या. शिक्षा म्हणून कोणाला तुरुंग, कोणाच्या वस्त्रांवर पिवळे क्रूस, आणि थोड्यांना चिता. पाद्री क्लेर्ग कैदेतच मेला.

फूर्निये 1334 मध्ये बारावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला. त्याचे दप्तर व्हॅटिकनमध्ये टिकले, आणि त्याच्या आधारे इतिहासकार ल र्‍वा लादुरी यांनी 1975 मध्ये मोंतायूवर विख्यात ग्रंथ लिहिला. छपरावरच्या त्या मायलेकी आपल्याला भेटतात त्या या बिशपामुळेच, हे खरे. तथापि त्याचे ऋण मानावयास मी तयार नाही.