सावलीतला गुलाब

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलांना घेऊन वरळीच्या बी.डी.डी. चाळीत आत्याकडे गेलो होतो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळीत अशा १२१ चाळी होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. अशाच तळमजल्यावरच्या खोलीत आत्याने चार मुले वाढवली आणि खिडकीबाहेर गुलाब वाढवला.

"जयभीम आत्या," म्हणत आम्ही आत शिरलो, तर आत्या बाहेर कुंड्यांपाशीच होती.

दोन चाळींच्या मधली ती जागा. सकाळी दहापर्यंत समोरची चाळ ऊन अडवते, दुपारी दोननंतर आमचीच. गुलाबाला रोज सहा तास ऊन हवे असे म्हणतात. इथे मिळते जेमतेम चार तास.

"मग जमवलंस कसं?" मी विचारले.

आत्याने भिंतीकडे बोट दाखवले. भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. "दर तासाला ऊन कुठवर येतं ते पोरांकडून लिहून घेतलं. जिथं जास्त वेळ टिकतं तिथं कुंडी. उन्हाळ्यात, हिवाळ्यात जागा बदलते, म्हणून कुंडी पण सरकवायची."

मागची भिंत तिने चुन्याने पांढरी केली आहे. त्यामुळे उजेड उलटून झाडावर पडतो. मोठ्या फुलाचा कलमी गुलाब तिने आणून पाहिला. नुसत्या लांबलचक फांद्या वाढल्या, फूल नाही. झुपक्याने फुलणारा पांढरा आइसबर्ग मात्र टिकला. ही जात १९५८ साली जर्मनीत तयार झाली. गावठी गुलाबी गुलाबही टिकला.

सावलीत पाने लवकर सुकत नाहीत. ओली राहिली की काळे ठिपके पडतात. म्हणून आत्या पाणी सकाळीच घालते, तेही मुळाशी, पानांवर नाही. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवत नाही. मधून वारा खेळला पाहिजे. ठिपक्यांची पाने तोडून लांब टाकते. खतही बेताचेच, जास्त दिले तर सावलीत झाड नुसते उंच होते आणि वाकते.

आता चाळी पाडून तिथे उंच इमारती होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. आत्याची पाळी यायची आहे. नवे घर ५०० चौरस फुटांचे. सगळे विचारतात, कितवा मजला? आत्या विचारते, "खिडकी कोणत्या बाजूला?"

पाऊस सरल्यावर छाटलेल्या गावठी गुलाबाच्या फांद्या तिने फेकल्या नव्हत्या. पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे वीतभर तुकडे करून, तळाला भोके पाडलेल्या तेलाच्या डब्यांत लावले होते. भिंतीच्या पार सावलीत त्यांना कोवळी पाने फुटली होती.

"मुळं धरेपर्यंत यांना सावलीच लागते," आत्या म्हणाली. "ऊन नंतर."

निघताना तिने एक डबा माझ्या धाकटीच्या हातात दिला. घरी आल्यावर पोरीने पहिले काम काय केले असेल? खडू घेऊन गॅलरीत गेली.