नखाची चाल

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायकांना मी सांगते, की घरी गेल्यावर हात आधी पाण्यात घालू नका. त्या माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. आग होतेय तर पाणीच घालणार ना! पण मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. नुसत्या पाण्यानं तो जात नाही, फक्त पसरतो आणि नखांच्या कडांशी जाऊन बसतो. म्हणून आधी चमचाभर गोडं तेल हातावर घ्यायचं, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या मुळाशी चोळायचं, जुन्या फडक्यानं पुसून काढायचं, आणि मग साबण. एवढं केलं तरी डोळ्यांना हात लावायचा नाही. माझ्या कामात ही पायरी पहिली. सुगंधी तेलांच्या बाटल्या त्यानंतर उघडायच्या.

मी धुळ्याला राहते आणि हातानखांसाठी मलम करते. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक पार्लरवरून येतं. जेलचा थर खरवडून काढल्यावर खाली कागदासारखं पातळ झालेलं नख बघून घाबरलेलं. दुसरं कापसाच्या शेतातून येतं. वेचणीत पिकलेल्या बोंडाची वाळकी टोकं नखाच्या मुळाशी टोचत राहतात. दिवाळीनंतर थंडी पडली की तिथली कातडी सुकते, साल उभी राहते, बाई ती दातानं तोडते, आणि मग नखुरडं. खरं म्हणजे नखाच्या मुळाला चिकटलेली ती पातळ कातडी आतल्या जागेचं रक्षण करत असते. शेतात ती काट्यानं फाटते आणि पार्लरमध्ये पैसे मोजून कापून घेतात! मला या कापण्याचा जास्त राग येतो.

बोटाबाहेर दिसणारं नख मेलेलं असतं असं सांगितलं की शिकलेली माणसंही दचकतात. जिवंत काम चालतं ते मुळाशी, कातडीखाली. तिथं तयार झालेलं केराटिन थरावर थर रचत पुढं सरकतं. आपण कापतो, रंगवतो, कुरतडतो ते सगळं काही महिन्यांपूर्वीचं. नख पाण्यात फुगतं आणि वाळलं की आकसतं. दिवसभर भांडी, धुणं, परत कोरडं, परत ओलं असं चाललं की त्याचे पापुद्रे घडीच्या पोळीसारखे सुटायला लागतात. मग ‘कॅल्शियम कमी पडलं’ म्हणून गोळ्या सुरू होतात. कारण मोरीत आणि इलाज औषधाच्या दुकानात, असा प्रकार. नखांवरचे पांढरे ठिपकेसुद्धा बहुतेक वेळा कुठंतरी बसलेल्या बारीकशा ठोक्याचे असतात. मात्र नखं मधे खोलगट, चमच्यासारखी झाली असतील तर मी मलम विकत नाही. आधी हिमोग्लोबिन तपासा म्हणते. नखं पिवळी, जाड, भुसभुशीत झाली असतील तर बुरशीची शंका घ्यायची. तिथं टी ट्रीच्या बाटलीवर भिस्त ठेवून वेळ घालवू नये. आणि एकाच नखात काळसर उभी रेघ नव्यानं उमटून रुंद होत असेल, तर आज-उद्या न करता त्वचेच्या डॉक्टरांकडे.

बाटल्यांवर छापलेलं असतं की तेल नखांना ‘पोषण’ देतं. मेलेल्याला काय खाऊ घालणार? तेल नखात आणि कातडीत असलेलं पाणी उडू देत नाही, एवढंच त्याचं काम, आणि ते थोडं नाही. म्हणून हात धुवून, टिपून, जरा दमट असतानाच लावायचं. कोरड्याठाक हाताला कितीही चोळलं तरी चकाकी येते आणि भेग तशीच राहते.

माझं माहेर सावंतवाडीकडचं, त्यामुळे मलमाचा पाया ठरलेला: मुठेल. कोकमाच्या बिया वाळवायच्या, फोडून गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगून आलेला मेदाचा थर काढून घ्यायचा आणि कोमट असताना मुठीत दाबून गोळे करायचे. पायांच्या भेगांवर कोकणात ते पिढ्यान्‌पिढ्या लावतात. एरवी हे गोळे खडूसारखे टणक, पण अंगाच्या उबेच्या आसपास वितळू लागतात. नुसतं वापरलं तर हातावर खरखरतं, म्हणून त्याला तिळाचं तेल लागतं. सत्तर ग्रॅम तीळतेल, वीस ग्रॅम मुठेल, दहा ग्रॅम मधमाश्यांचं मेण. पातेल्यात पाणी तापवून त्यात भांडं ठेवायचं. थेट आचेवर कधी नाही. धुळ्याचा मे महिना मुठेलाला पेलवत नाही, डबीतलं मलम डबीतच सरबत होतं, तेव्हा मेण थोडं वाढवायचं. मिश्रण कोमट होऊन कडेनं गोठू लागलं की मग सुगंधी तेल. आधी घातलं तर वास स्वयंपाकघराला लागतो आणि डबीत काही उरत नाही.

सुगंधासाठी लॅव्हेंडर कशाला, जेव्हा आपल्या डोंगरात रोशा आहे? एकोणिसाव्या शतकात खानदेशच्या डोंगरपट्ट्यातल्या या गवताचं तेल ओढ्याकाठच्या भट्ट्यांवर निघे. थंडाव्यासाठी वाहतं पाणी लागे, म्हणून भट्टी गवताजवळ आणि पाण्याजवळ. पुढं ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेनं कॉन्स्टँटिनोपलला जाई, आणि तिकडं गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळलं जाई. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरेनियम’ म्हणत. गवत आपलं, नाव तुर्कांचं. भेसळ खपून जायची, कारण गुलाबातला जिरॅनिऑल हा घटक रोशातही भरपूर असतो. व्यापारी त्यात दोन जाती मानतात, मोतिया आणि सोफिया. मोतियाचा वास गोड, गुलाबाकडे झुकणारा. सोफियाचा उग्र, आल्याच्या अंगानं जाणारा. मी मोतियाच घेते. नाक एकदा तयार झालं की फरक झाकण उघडताक्षणी कळतो.

प्रमाण शंभर ग्रॅमला एक ग्रॅम. हातांसाठी दोनपर्यंत चालतं, पण फाटलेल्या कातडीवर एकच पुरे. ‘नैसर्गिक आहे, जास्त घातलं तर काय होतंय’ हे वाक्य ऐकलं की मी लवंगेच्या तेलाची बाटली दाखवते. नैसर्गिकच आहे, आणि नुसतं लावलं तर कातडी भाजते. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात वेचणीला गेलं तर चट्टे उठू शकतात. जुनं, झाकण उघडं राहून हवा लागलेलं तेल तर अंगावर पित्त उठावं तशी खाज आणतं. नवीन माणसाला मी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर थांबायला सांगते. गरोदर बाई असेल किंवा तान्हं बाळ घेणारे हात असतील तर डबी बिनवासाची.

सुगंधी तेलांच्या उपचाराची मूळ कथाही हातांचीच आहे. रेने-मोरिस गॅटफॉसे या फ्रेंच रसायनज्ञाचे हात १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजले. त्यानं भाजल्याक्षणी लॅव्हेंडरच्या पिंपात हात बुडवला, असं सगळीकडे सांगतात. त्याचं स्वतःचं १९३७च्या पुस्तकातलं म्हणणं वेगळं: जखमा चिघळून सडू लागल्यावर लॅव्हेंडरच्या अर्कानं त्या धुतल्या. गिऱ्हाइकांना मी ही गोष्ट सांगतच नाही. सांगितली की कुणीतरी तव्याच्या चटक्यावर शुद्ध तेल ओतणार हे ठरलेलं.

तरीही रोशा घालतेच. एकदा तेच मलम बिनवासाचं करून ओळखीच्या बायकांना दिलं. महिन्यानं पाहिलं तर बहुतेक डब्या भरलेल्या. वासाच्या डब्या मात्र तळाला गेलेल्या होत्या. दिवसभर कापूस, शेण, फिनेल यांत गेलेल्या हाताला झोपताना गुलाबासारखा वास यावा, एवढ्यासाठी बाई उशाशी डबी ठेवते आणि रोज लावते. नखाला रोजच लागतं, कारण ते सावकाश वाढतं. अमेरिकेतले डॉक्टर विल्यम बीन स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर खूण करून तब्बल ३५ वर्षं त्याची चाल मोजत बसले होते. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी दिवसाला ०.१२३ मिलिमीटर, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. म्हणजे महिन्याला साधारण तीन मिलिमीटर.

त्यांची युक्ती मी उचलली आहे. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाच्या अंगठ्याच्या नखावर, मुळाशी, कानशीनं अगदी हलकी रेघ ओढते. पुढच्या महिन्यात रेघ सरकलेली दिसली की बाया आपापला हिशेब मांडतात, संक्रांतीला कुठवर, होळीला कुठवर. परवा एकीनं विचारलं, “ताई, लेकीचं लग्न वैशाखात आहे. तोवर हाताची नखं धड होतील ना?” कार्तिक चालू होता. म्हटलं, “आज रात्रीपासून लावलं तर होतील. पायाच्या अंगठ्याचं मात्र विचारू नका, त्याला पुढचा कार्तिकही पुरायचा नाही.”