धुक्यातली छत्री

धुक्याचा फोटो काढणं सगळ्यात सोपं, असं मला सातवीत असताना वाटायचं. धुकं काही डोळे मिटत नाही, की मान हलवत नाही!

१९९६ चा श्रावण. धुळ्याहून आम्ही सगळे जीपने तोरणमाळला निघालो. सातपुड्यातलं हे ठिकाण तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेलं. मामाने स्वतःचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि बजावलं, "छत्तीसच फोटोंचा रोल आहे. जपून!"

शहाद्याला घामाच्या धारा लागल्या होत्या. घाट चढून वर आलो, तर अंगावर शहारे! सीताखाईच्या कडेला उभे राहिलो आणि बघतच राहिलो. उतू जाणाऱ्या दुधासारखं धुकं दरीतून वर येत होतं. खरं तर ते ढगच. अरबी समुद्रावरचे ओले वारे सातपुड्याला अडतात, वर चढतात, गार होतात आणि वाफेचे बारीक थेंब बनतात. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात असंच धुकं थेट समुद्रावरून येतं. आपल्या खानदेशाला समुद्र नाही, पण समुद्राचं पाणी असं भेटायला येतं!

मी सपासप बटण दाबत सुटलो. आजी छत्री घेऊन जवळच उभी. म्हणाली, "काय काढी राहिना रे भाऊ? काहीच दिखत नही!"

"आजी, बाजूला हो ना! मध्ये येतेस!" मी खेकसलो. बिचारी सरकली.

निघताना तिने सगळ्या नातवंडांबरोबर एक फोटो काढायला सांगितलं. आम्ही रांगेत उभे राहिलो. मामाने बटण दाबलं, पण ते दबेचना. रोल संपला होता! मामाने माझ्याकडे असं पाहिलं, की मला धुक्यात लपावंसं वाटलं. आजी मात्र म्हणाली, पुढल्या साली काढू.

आठवड्याने स्टुडिओतून फोटो आले. सगळे मळकट, करडे! स्टुडिओवाले काका हसले. म्हणाले, "कॅमेरा समोरचं सगळं करडंच आहे असं धरून प्रकाश मोजतो. पांढऱ्या धुक्यासाठी त्याला थोडा जास्त प्रकाश द्यावा लागतो."

मग त्यांनी एक फोटो वेगळा काढला. त्यात कोपऱ्यात आजी होती, काळी छत्री आणि लाल लुगडं. माझं ओरडणं तिला त्या वेळी ऐकू गेलं नसावं. तिच्यामागे धुकं खरंच धुक्यासारखं दिसत होतं, खोल आणि ओलं. "जवळ काहीतरी गडद असलं, तरच मागचं धुकं कळतं," काका म्हणाले.

पुढच्या वर्षी आजीला घाट झेपण्यासारखा नव्हता. तो सगळ्यांचा फोटो राहूनच गेला. छत्रीवाला मात्र आजही आमच्या भिंतीवर आहे.

तुम्ही तोरणमाळला गेलात, तर मोबाईलच्या पडद्यावर धुक्यावर बोट ठेवा आणि सूर्याचं चिन्ह दिसलं तर ते थोडं वर सरकवा. धुकं पांढरं येईल. आणि हो, फोटोत कुणी मध्ये आलंच, तर लगेच "बाजूला हो" म्हणू नका.